कानाची शाळा घरात कशी आली



बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगते. मागून बायका तिच्या पाठीवर धपाधप हात मारतात, हसतात. त्याच सुमारास सोनाराकडून कानही टोचून घेतात. म्हणजे आपल्याकडे बाळाच्या कानांचं कौतुक पहिल्या पंधरवड्यापासूनच सुरू होतं. पण त्या कानांना ऐकू येतं का, हे तेव्हा कुणी बघत नाही. शेजारची पोरं 'आई, बाबा' म्हणायला लागतात आणि आपलं लेकरू दीड-दोन वर्षांचं झालं तरी गप्पच राहतं, तेव्हा घर जागं होतं. तरीही आजी म्हणतात, "त्याचा बाप पण उशिराच बोलला होता, थांबा जरा." या थांबण्यात सहा महिने जातात, कधी दोन वर्षं जातात.

आज आम्ही या थांबण्याबद्दल बोलणार आहोत, पण इतिहासाच्या वाटेनं. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायची सुरुवात शाळेत झाली, आणि ती शाळा हळूहळू घराकडे सरकत आली. सहा-सात वर्षांच्या वयावरून ती सहा महिन्यांच्या बाळापर्यंत आली. असं का झालं, ते कळलं की आपण घरात काय करायचं तेही आपोआप कळतं.

आधी एका शब्दाबद्दल. जुन्या शाळांच्या पाट्यांवर 'मूकबधिर' असा शब्द दिसतो. मूक म्हणजे मुका, बधिर म्हणजे बहिरा. जणू देवानं दोन व्यंगं एकत्र दिली. पण बहुतेक मुलांचा गळा, जीभ, ओठ धडधाकट असतात. मूल रडतं, हसतं, किंचाळतं. ते बोलत नाही, कारण बोलणं त्याच्या कानावर पडलेलंच नसतं. आपण मराठी बोलतो ती ऐकून. जन्मभर जपानी ऐकलीच नाही तर ती बोलणार कशी? म्हणून आता 'कर्णबधिर' म्हणतात. शब्द बदलला तशी समजही बदलली. अडचण कानाची आहे, आणि कानासाठी काही करता येतं.

आपल्या देशात कर्णबधिर मुलांची पहिली शाळा निघाली ती मुंबईत माझगावला, १८८५ च्या सुमारास. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी ती काढली. त्याआधी अशा मुलाला शिकवता येतं, हेच आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक होतं. घरातलं असं मूल गुरं राखायचं, पाणी भरायचं. त्याच्याशी दोन-चार खुणांपलीकडे कुणी बोलत नसे.

आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. शंभर वर्षांपूर्वीचा हा फार मोठा निर्णय होता. पण शाळा म्हटली की ती सुरू होणार सहाव्या-सातव्या वर्षी, पाटी-पेन्सिल घेऊन. धडधाकट कानाचं मूल शाळेत जाताना हजारो शब्द घेऊन जातं. ते शब्द त्याला घरानं दिलेले असतात, आणि कुणी मुद्दाम शिकवलेले नसतात. कर्णबधिर मूल मात्र रिकाम्या झोळीनं शाळेच्या दारात उभं राहतं. हा फरक शाळा कितीही चांगली असली तरी सहजासहजी भरून निघत नाही.

बाहेरच्या जगात तेव्हा एक मोठा वाद चालला होता. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथं ठराव झाला की मुलांना हातांच्या खुणांनी नव्हे, तोंडी बोलण्यानंच शिकवायचं. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांत मुलांना खुणा करायला बंदी आली, हातावर छड्या बसल्या. पुढे २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भरलेल्या याच परिषदेनं तो ठराव नाकारला आणि झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. त्यासाठी एकशेतीस वर्षं लागली. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, याचं कारण पुढे येईल.

त्याच काळात व्हिएन्नामध्ये व्हिक्टर उर्बानचिच नावाचे कानाचे डॉक्टर होते. बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन त्यांनी एकेक मूल तपासलं, तेव्हा ध्यानात आलं की पार काहीच ऐकू न येणारी मुलं थोडी आहेत. बऱ्याच जणांच्या कानात थोडंफार ऐकणं शिल्लक आहे. मोठा आवाज, जाड आवाज, कुणाला एखादा स्वर त्यांना पोचतो. पण त्या आवाजाचा अर्थ लावायची सवय कुणी लावलेली नाही. मग रोज ठरावीक आवाज कानाशी करून ते मुलांकडून सराव करून घेऊ लागले, आणि १८९५ साली त्यांनी ऐकण्याच्या व्यायामांवर पुस्तक लिहिलं. 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कानाची, दुसरी सवयीची. आज जगभर जे शिकवतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण उरलेलं ऐकणं वापरायचं तर आवाज मोठा करणारं यंत्र हवं. सुरुवातीची विजेची यंत्रं अवजड होती, त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या बाळगाव्या लागत. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतो. पण मैत्रिणींनो, ट्रान्झिस्टर रेडिओच्या आधी बसला तो कर्णयंत्रात. १९५२ च्या अखेरीस तसं पहिलं कर्णयंत्र बाजारात आलं, आणि खिशात मावणारा रेडिओ आला १९५४ साली. ज्या शोधामुळे आमच्यासारख्यांचा आवाज गावोगाव पोचला, तो आधी ऐकू न येणाऱ्यांच्या कामाला आला होता.

आता एका आईची गोष्ट. अमेरिकेत स्पेन्सर ट्रेसी नावाचे मोठे सिनेनट होऊन गेले. त्यांची पत्नी लुईस. १९२४ साली त्यांना मुलगा झाला, जॉन. तो दहा महिन्यांचा असताना एकदा दार धाडकन आपटलं, तरी झोपलेला जॉन हलला नाही. तेव्हा लुईसना कळलं. त्यांनी हाय खाल्ली नाही. मिळेल ते वाचलं, आणि अंघोळ घालताना, भरवताना, फिरायला नेताना मुलाशी बोलत राहिल्या. जॉन बोलायला शिकला. मग १९४२ साली लुईसनी अशाच इतर आयांना जमवून एक केंद्र सुरू केलं. तिथं मुलांइतकंच आयांना शिकवायचे. जे लांब राहतात त्यांच्यासाठी दुसऱ्याच वर्षी टपालानं धडे सुरू झाले, तेही फुकट. ते धडे कितीतरी देशांतल्या घरांत पोचले. कानाची शाळा घराच्या उंबऱ्याच्या आत आली, ती अशी.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आयरीन आणि अलेक्झांडर यूइंग या पती-पत्नींनी लहान बाळाचं ऐकणं तपासायची साधी रीत १९४४ साली मांडली. बाळ आईच्या मांडीवर, समोर एकजण खेळणं घेऊन, आणि दुसरी व्यक्ती बाळाला दिसणार नाही अशी मागे उभी. ती हळूच खुळखुळा वाजवते, कपावर चमचा फिरवते. बाळ मान वळवतं का बघायचं. पुढे तिथल्या घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका हे करू लागल्या. आपल्याकडच्या आशाताईंसारख्याच त्या.

आपल्या देशात हे काम स्वातंत्र्यानंतर उभं राहिलं. १९६५ साली म्हैसूरला वाक् आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात ऐकणं तपासणाऱ्या आणि वाणी सुधारणाऱ्या तज्ज्ञांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७२ साली दिव्यांगांची साधनं बनवणारी सरकारी संस्था, एलिम्को, कानपूरला स्थापन झाली. १९८१ पासून केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून गरजूंना साधनं मिळू लागली, त्यात कर्णयंत्रंही आली. आणि ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. अली यावर जंग हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यातही कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, आणि कितीतरी मुलं तिथून शिकून पोटापाण्याला लागली.

तरी जुनी अडचण तशीच होती. मूल तपासणीला येईपर्यंत तीन-चार वर्षांचं झालेलं असे. या उशिराची किंमत किती, हे १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं. ऐकू न येणाऱ्या १५० मुलांची भाषा त्यांनी तपासली. ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं आणि घरच्यांना लगेच मार्गदर्शन मिळालं, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. ऐकणं कमी गेलेलं असो की जास्त, लवकर कळण्याचा फायदा दिसलाच. तेव्हापासून जगभरचे तज्ज्ञ एक, तीन, सहा असा हिशेब सांगतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि सराव. आपल्या लसीकरणाच्या कार्डासारखाच हा हिशेब पाठ करून ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं डॉक्टरांचं पथक याच कार्यक्रमाचं. जन्मजात बहिरेपण त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. शंका आली तर ते पुढच्या केंद्राकडे पाठवतात. तिथं ओएई आणि बेरा अशा चाचण्या होतात. बाळ झोपलेलं असतानाच होतात, सुई लागत नाही, दुखत नाही. २०१४ साली एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटही आलं. ज्यांना कर्णयंत्राचा फायदा होत नाही अशा मुलांच्या कानात आत बसवायचं हे उपकरण. वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत मदत ठरली. त्याला वयाची अट आहे. म्हणजे इथंही थांबणं महागात पडतं.

एवढा इतिहास का सांगितला? कारण यंत्र मिळालं की काम झालं असं घराला वाटतं. चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं कर्णयंत्राचं नाही. यंत्र फक्त आवाज कानापर्यंत आणतं. त्याचा अर्थ लावायला मेंदूला महिनोन्‌महिने सराव लागतो. पहिल्या आठवड्यात मूल यंत्र ओढून फेकतं, रडतं. मग ते डब्यात घालून कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतं. उर्बानचिचनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट तिथंच अडते.

तर घरी काय करायचं? पहिलं, मूल जागं असेल तोवर यंत्र कानात. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, मग वाढवत जायचं. कानातला साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं. बाळाचा कान वाढतो, म्हणून साचा काही महिन्यांनी बदलावा लागतो. आपल्याकडे राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तेव्हा रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवायचं. ती पुडी आणि बारकी बॅटरी लेकराच्या हाती मात्र लागू द्यायची नाही.

दुसरं, जवळून बोलायचं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. म्हणून चुलीजवळून ओरडण्यापेक्षा शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोललेलं बरं. ओरडल्यानं आवाज वाढतो, पण शब्द फाटतो. बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद.

तिसरं, पायरी-पायरीनं जायचं. नॉर्मन अर्बर नावाच्या तज्ज्ञांनी १९८२ साली ऐकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आपल्या घरात अशा बसतात. पहिली पायरी, आवाज आहे की नाही हे कळणं. कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, कानाला बोट लावायचं, "ऐकलंस? कुकर वाजला!" म्हणायचं आणि मग नेऊन दाखवायचं. आधी ऐकणं, मग बघणं. जोतिबाच्या यात्रेतली हलगी, दाराशी आलेला उसाचा ट्रॅक्टर, गोठ्यातली म्हैस, सगळं कामाला येतं. दुसरी, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणं. म्हशीचं हंबरणं आणि कोंबड्याचं आरवणं. तिसरी, ओळखणं. मुलाच्या शेजारी बसून, त्याला ओठ दिसणार नाहीत असं, "वाटी दे," "चमचा दे" म्हणायचं. तोंडावर हात धरू नका, आवाज बदलतो. चौथी, अर्थ लागणं. "बाबा शेतातनं आले, चपला कुठायत बघ." विचारलं की मनात पाच अंक मोजा. मुलाला वेळ लागतो, आणि आपण घाईनं स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

चौथं, रोज सकाळची तपासणी. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी यासाठी मोजके आवाज निवडले: म, ऊ, आ, ई, श, स. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला यात येतो, आणि हे सगळे आपल्या बाराखडीतलेच. मुलाच्या मागे, हातभर अंतरावर बसून एकेक म्हणायचा. मोठं मूल आवाज आला की डब्यात ठोकळा टाकेल, लहान बाळ थबकेल नाहीतर मान वळवेल. काल 'स' ऐकला आणि आज नाही, तर बॅटरी बघा, साचा बघा, कानात मळ किंवा सर्दी आहे का बघा. तरी फरक पडला नाही तर तज्ज्ञांना दाखवा.

यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. पीठ मळताना, वेणी घालताना, भाकरी थापताना जे करतो ते बोलायचं, बडबडगीतं म्हणायची. एकेक सुटा शब्द नको, छोटी पूर्ण वाक्यं बोलायची.

आता मिलानच्या ठरावाचं. ऐकण्याचा सराव करा म्हणजे मुलाचे हात बांधा असं नव्हे. काही मुलांना यंत्राचा फारसा उपयोग होत नाही. काहींना उशिरा यंत्र मिळतं. भाषेवाचून मूल ठेवणं हे सगळ्यात वाईट. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे, आणि तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्रही झालं आहे. खूण केली म्हणून पोराला रागावू नका. एकशेतीस वर्षांनी खेद करण्यापेक्षा ते बरं.

शेवटी एक अवघड गोष्ट. असं मूल झालं की बोट आईकडे जातं. ग्रहणात बाहेर गेली असेल, काही खाल्लं असेल, पायगुण. यातलं काही खरं नाही. कारणं वेगळी आहेत: आनुवंशिकता, गरोदरपणातला रुबेला, अपुऱ्या दिवसांचं बाळ, जोरदार कावीळ, मेंदूज्वर, काही औषधं. आपल्या भागात मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करायची चाल आहे. रक्ताच्या नात्यातल्या लग्नात आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो, हे लग्न ठरवताना बोललं पाहिजे. आणि ते लग्न एकट्या सुनेनं ठरवलेलं नसतं. रुबेलाची लस आता सरकारी लसीकरणात आहे, ती चुकवू नका.

जुन्या काळात घरचा सराव म्हणजे आईचं काम असं धरलं गेलं. आपण तेवढं तरी बदलू. शेतात, रोजगार हमीवर, डेअरीला जाणाऱ्या बाईनं हे सगळं एकटीनं कधी करायचं? बाळ आजीच्या मांडीवर असतं, तर आजीला सहा आवाज शिकवा. बाबा संध्याकाळी घरी असतात, तर बॅटरी आणि साचा त्यांच्याकडे द्या. तपासणीला जायच्या दिवशी मोठ्या पोरांना गटातली कुणी सांभाळेल, गाडीभाड्याला गटातून उसने देता येतील. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सीपीआरला जाताना सोबत कुणी असलं की निम्मं ओझं हलकं होतं.

तर या आठवड्यात एवढं करूया. आपल्या गटातल्या घरांत एक वर्षाच्या आतली बाळं किती आहेत ते मोजा. बाळाच्या मागून, त्याला दिसणार नाही असा, वाटीवर चमचा वाजवून बघा. पण टाळीचा वारा आणि जमिनीचा हादराही बाळाला कळतो, म्हणून घरच्या तपासणीवर निकाल लावू नका. बाळानं मान वळवली तरी मनात शंका असेल तर आशाताईंना सांगा, आणि नाही वळवली तर त्याच दिवशी सांगा. "थांबा जरा" कुणी म्हणालं, तर त्यांना एक, तीन, सहाचा हिशेब सांगा.

पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार.